जयच्या रायफलीचं कॅलिबर

जयला रायफल घ्यायची आहे हे प्रसन्नला एका शनिवारी दुपारी जेवता जेवता कळलं.

"पश्या, तुझ्याकडे एक काम आहे," जय म्हणाला. प्रसन्नच्या बायकोनं, आश्लेषानं केलेल्या मटकीच्या उसळीवर तो लिंबू पिळत होता. "मी रायफल घेतोय. तुझी आवडती, लिव्हर ॲक्शन. परवा दुकानात गेलो होतो. तो माणूस म्हणतो, कॅलिबर कुठलं, म्हणजे गोळी कुठल्या मापाची हवीय? मी म्हटलं, थांब बाबा, आमच्यात एक जण या विषयातला पीएचडी आहे. त्याला विचारून येतो."

जयची बायको प्रीता हसली. आश्लेषा हसली नाही, तिनं हळूच नवऱ्याकडे पाहिलं. प्रसन्ननं तोंडातला घास गिळला आणि वर तो पाणी प्यायला.

"अरे वा," तो म्हणाला. "एकदम कसं काय ठरलं?"

"ऑफिसातला एक जण शूटिंग रेंजवर घेऊन गेला होता. भारी वाटलं यार! म्हटलं, आपण पण घेऊ."

भारी वाटलं म्हणून घेऊ. इतकं सोपं. प्रसन्नला वाटलं, ज्या मुलीचा आपण वर्षानुवर्षं नुसता विचारच करत बसलो, तिला कुणीतरी येता जाता भेटून लग्नाचं विचारलं, ती हो म्हणाली, आणि आता शालू निवडायला आपल्यालाच बोलावणं आलंय.

प्रसन्नचं हे वेड जुनं होतं. अमेरिकेत कॅरीला आल्यावर पहिल्या नोकरीत वॉल्टर नावाचा एक म्हातारा टेस्टर त्याच्या टीममध्ये होता. रिटायर होताना त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं आणि आपल्या वडिलांची रायफल दाखवायला बाहेर काढली. आत काडतूस नाही हे दोनदा तपासून त्यानं ती प्रसन्नच्या हातात दिली. चापाच्या खाली लोखंडी कडं असतं, तोच लिव्हर. तो खाली ढकलायचा आणि परत वर ओढायचा, की जुनं काडतूस बाहेर पडून नवं आत जातं. प्रसन्ननं तो एकदा खाली-वर केला. लोखंडावर तेलकट लोखंड सरकल्याचा आवाज झाला, आणि प्रसन्न त्या दिवसापासून कामातून गेला. त्यानं पुस्तकं आणली, रोज व्हिडिओ पाहिले. कुठल्या कंपनीनं कुठल्या वर्षी लाकूड बदललं, कुठल्या गोळीचा धक्का किती, हे तो झोपेत सांगू शकला असता.

पण त्यानं आजवर एकही गोळी झाडली नव्हती. नोकरीच्या एच-वन विसावरच्या माणसाला या देशात बंदूक बाळगता येत नाही, ग्रीन कार्ड मिळालं की येते. शिकारीचं लायसन्स काढलं तर विसावरही बाळगता येते, अशी वाट कायद्यात आहे. त्यानं वकिलाला विचारलंही होतं. वकील म्हणाला, "कायद्यानं चालेल. पण तुझी ग्रीन कार्डची फाइल अजून किती वर्षं पडून राहील ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. त्यात बंदूक कशाला आणतोस?" प्रसन्ननं तो सल्ला मानला. रेंजवर जाऊन भाड्याच्या बंदुकीलासुद्धा हात लावला नाही.

आणि जयचं काय? जय आणि तो पुण्याच्या एकाच कंपनीतून, एकाच प्रोजेक्टवर इथे आले. मॉरिसव्हिलच्या एकाच अपार्टमेंटमध्ये एका कुकरवर त्यांनी दिवस काढले. दोघांचे ग्रीन कार्डचे अर्ज मागेपुढेच गेले. पण इथे रांग लागते ती जन्माच्या देशाप्रमाणे, आणि नवरा-बायकोपैकी कुणा एकाचा देश धरला तरी चालतो. प्रीताचे वडील ओमानमध्ये, मस्कतला नोकरीला होते, ती तिथे जन्मली. ओमानच्या रांगेत माणसंच नव्हती. भारताच्या रांगेत प्रसन्नच्या पुढे एक अख्खं शहर उभं होतं.

जयला कार्ड मिळालं, मग त्यानं नोकरी बदलली, मग पुन्हा बदलली. प्रसन्न त्याच कंपनीत, त्याच मॅनेजरखाली राहिला. सगळ्यात जास्त त्याला लागलं होतं ते त्याच्या आईच्या पंच्याहत्तरीला. परत येण्यासाठी लागणाऱ्या विसाच्या स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट मिळेना. गेलो आणि तिकडेच अडकलो तर, या भीतीनं त्यानं सांगलीला जाणं रद्द केलं. जय तेव्हा भारतातच होता. तो गाडी करून पुण्याहून सांगलीला गेला, प्रसन्नच्या आईला साडी दिली, पाया पडला आणि तिथून फोटो पाठवले. त्या फोटोत आई जयच्या गालाला हात लावून हसत होती. प्रसन्ननं उत्तर पाठवलं, 'थँक्स यार, तू होतास म्हणून.' आणि फोन उशीवर पालथा टाकला.

तर त्या शनिवारी जेवणं झाल्यावर दोघे चहाचे कप घेऊन मागच्या डेकवर बसले. प्रीता आणि आश्लेषा आत होत्या.

"बोल," जय म्हणाला. "मला काही म्हणजे काहीही कळत नाही. थर्टी थर्टी काय, फोर्टी फोर काय. बाटाच्या चपलांचे नंबर वाटतात."

"कशासाठी हवीय?"

"टार्गेट. प्रीतालाही शिकायचंय. आणि जमलंच पुढेमागे तर हरीण. ऑफिसवाले जातात नोव्हेंबरात."

प्रसन्नला उत्तर जयचं वाक्य संपायच्या आधीच माहीत होतं. थ्री फिफ्टी सेव्हन. पहिल्या लिव्हर ॲक्शनला त्यासारखं दुसरं काही नाही. धक्का कमी, आवाज बेताचा. त्याच रायफलीत थर्टी एट नावाची आणखी मऊ काडतुसं चालतात, त्यामुळे घरातलं कुणीही शिकू शकतं. हरणाच्या अगदी जवळ जायची तयारी असेल तर हरीणसुद्धा पडतं. लांबूनच मारायचं म्हटलं तर थर्टी थर्टी. या दोनच्या बाहेर जायचं कारण नव्हतं.

पण थ्री फिफ्टी सेव्हन त्याची होती. मनातल्या मनात त्यानं ती कधीच घेतली होती. अक्रोडाच्या लाकडाची, आखूड नळीची. आपलं कार्ड येईल त्या आठवड्यात आपण दुकानात जाऊ आणि काही न विचारता ती मागू, हे त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की दुकानाचं दारसुद्धा ठरलेलं होतं. आता ते नाव तोंडातून काढलं की सोमवारी ती जयच्या घरात असणार.

"फोर्टी फाइव्ह सेव्हन्टी," प्रसन्न म्हणाला.

"म्हणजे?"

"घ्यायची तर खरी घे ना. बाकीच्या पोरांच्या आहेत. ही दीडशे वर्षांची गोळी आहे, आधी फौजेत होती. अंगठ्याएवढी जाड. उद्या तू स्मोकीजच्या डोंगरांत गेलास आणि समोर अस्वल आलं, तर हिच्यावर भरवसा ठेवता येतो. हरणाचा तर प्रश्नच नाही."

"धक्का वगैरे?"

"असतो थोडा. सवय होते."

जयनं फोन काढून नाव टिपून घेतलं. प्रसन्ननं स्पेलिंगसुद्धा सांगितलं. तो बोललेला एकही शब्द खोटा नव्हता, असं त्यानं स्वतःला बजावलं. 'थोडा' हा एक शब्द सोडला तर.

दुसऱ्या दिवशी जय त्याला दुकानात घेऊनच गेला. एपेक्स गावाच्या पुढे, हायवेच्या कडेला ते दुकान होतं. काउंटरमागे डेल नावाचा, पांढऱ्या मिशीचा मालक. त्यानं जयचं म्हणणं ऐकलं आणि विचारलं, "पहिलीच ना? आणि मिसेससुद्धा चालवणार? मग मी तुम्हाला जरा हलकं काही दाखवू का?" त्यानं मागच्या रांगेतून एक रायफल काढून काउंटरवर ठेवली. अक्रोडाचं लाकूड, आखूड नळी. प्रसन्नला तिच्यावरचा नंबर वाचायची गरज नव्हती.

जयनं तिच्याकडे पाहिलं, मग प्रसन्नकडे. "काय रे?"

तिथे बोलता आलं असतं. 'घे हीच, काल मी जरा वाहवत गेलो' एवढं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण जयचा हात आधीच त्या लाकडावर फिरत होता, सहज, दुकानातल्या सोफ्यावरून फिरावा तसा, आणि ते प्रसन्नला बघवेना.

"तुझी मर्जी," तो म्हणाला. "पण वर्षभरात कंटाळशील."

"माझा मित्र सांगतोय ते फायनल," जय डेलला इंग्रजीत म्हणाला. "ही नोज एव्हरीथिंग."

डेलनं खांदे उडवले. फोर्टी फाइव्ह सेव्हन्टी बाहेर काढली. जयनं आपलं ग्रीन कार्ड दाखवलं. डेल सरकारी तपासणीसाठी माहिती भरत होता तेव्हा प्रसन्न पिस्तुलांच्या चामडी म्यानांच्या रांगेकडे बघत उभा राहिला. शेवटी काडतुसांची वेळ आली. डेल म्हणाला, "हिच्यात सॉफ्ट लोड, म्हणजे कमी दारूची काडतुसं मिळतात. धक्का निम्मा. सुरुवात त्यांच्यापासून करा." जयनं पुन्हा प्रसन्नकडे पाहिलं.

"ती काउबॉयच्या खेळातली असतात," प्रसन्न मराठीत म्हणाला. "फटाके. नेहमीची घे."

जयनं नेहमीची घेतली.

पुढच्या रविवारी ते चौघे रेंजवर गेले. चॅटम काउंटीत, पाइनच्या झाडांमध्ये उघडं मैदान. एका टोकाला मातीचा बांध आणि इकडे पत्र्याच्या छपराखाली लाकडी बाकं. आश्लेषा लिंबू सरबताचा थर्मास घेऊन आली होती. प्रसन्न पिवळ्या रेघेच्या मागे, कानांवर आवाज अडवणारे मफ्स चढवून उभा राहिला. हात त्यानं खिशात घातले होते.

जयनं पहिली गोळी झाडली तेव्हा शेजारच्या बाकावरच्या माणसानं मान वळवून पाहिलं. आवाज कानात नाही, छातीत लागला. जय अर्धं पाऊल मागे गेला. रायफल खाली ठेवून त्यानं खांदा धरला. प्रसन्न वाट बघत होता. आता हा म्हणेल, नको बाबा ही. आता वळून विचारेल, हे काय घ्यायला लावलंस?

जय वळला. त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

"पश्या! कसली आहे रे ही! एखाद्या बैलानं ढुशी द्यावी तशी!"

आणि त्यानं लिव्हर खाली ढकलला. बाहेर पडलेलं पितळी नळकांडं बाकावर वाजलं. तो पुन्हा नेम धरून उभा राहिला. दुसरी गोळी, तिसरी. कागदाच्या टार्गेटवर मध्यभागाच्या जरा वर भोक पडलं तेव्हा तो मुलासारखा ओरडला. प्रसन्न बघतच राहिला. याला चुकीची वस्तू दिली तरी हा सुखी होतो. याच्या नशिबाला कुठून हात लावायचा?

"मी बघू का एकदा?" प्रीता म्हणाली.

ती बारीक अंगाची. खांद्यावर ओढणी ठरणार नाही अशी, असं आश्लेषा तिला नेहमी चिडवायची. जयनं तिच्या हातात रायफल दिली आणि आपल्याला आठवलं तसं उभं केलं. प्रसन्न मागून बघत होता. रायफलीचा मागचा लाकडी दस्ता खांद्याच्या खोबणीत नव्हता, दंडावर होता. उजव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून पलीकडे न जाता वर उभा, नाकासमोर. डोकं मागे झुकलेलं. अशी चूक झाली की काय होतं, हे त्यानं कितीतरी व्हिडिओंत पाहिलं होतं. त्या मैदानात ते त्याच्याइतकं कुणाला दिसत नव्हतं. रेंजचा माणूस दूरच्या बाकावर कुणाचं तरी अडकलेलं काडतूस काढून देत होता.

खिशातून हात काढून त्यानं नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं तोंड उघडलंही. पण जय तिच्या कानाशी वाकून हसत काहीतरी सांगत होता, ती हसत होती, आणि त्या दोघांच्या मध्ये ती रायफल होती. प्रसन्नच्या मनात आलं, एक बसूच दे. एकच. मग कळेल.

गोळी सुटली. नळी आभाळाकडे गेली. प्रीताच्या स्वतःच्याच अंगठ्याचं हाड तिच्या वरच्या ओठावर आपटलं आणि मागोमाग दस्ता गालावर. जयनं झडप घालून रायफल धरली नसती तर ती खाली पडली असती. प्रीता बाकावर बसली. तिनं हात तोंडावर धरला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. रेंजचा माणूस 'सीझफायर! थांबवा!' असं ओरडत धावत आला.

"दात," ती म्हणाली. "दात बघ."

समोरच्या एका दाताचा कोपरा गेला होता. ओठ आतून फाटला होता.

अर्जंट केअरच्या दवाखान्यात तिच्या ओठाला टाके पडले. बाहेर बसलेला जय एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "मला तिला नीट उभं करता आलं नाही रे. मलाच येत नाही आणि मी तिला काय शिकवतोय!" प्रसन्न त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. तो हात त्याला स्वतःचा वाटत नव्हता.

चार-पाच दिवसांनी आश्लेषानं मऊ मुगाची खिचडी केली आणि दोघं प्रीताला बघायला गेले. जय मुलाला सॉकरहून आणायला गेला होता. आश्लेषा खिचडी गरम करायला स्वयंपाकघरात गेली. प्रीता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. गालावरचा डाग हिरवट-पिवळा झाला होता. ओठ न हलवता बोलायची तिनं सवय करून घेतली होती.

"प्रसन्न, एक विचारू?" ती म्हणाली. "तू स्वतःसाठी कुठली घेतली असतीस?"

"काय?"

"रायफल. तुला जेव्हा घेता येईल तेव्हा तू कुठली घेशील?"

प्रश्न इतका सरळ होता की त्याला खोटं सुचलं नाही. "थ्री फिफ्टी सेव्हन."

"ती कशी असते?"

"हलकी. धक्का नसल्यासारखाच. आश्लेषाला, अनिकालासुद्धा चालवता येईल, म्हणून." अनिका त्यांची तेरा वर्षांची मुलगी.

प्रीतानं मान हलवली, हेच उत्तर तिला अपेक्षित होतं अशी. डेलनं काउंटरवर आधी दुसरीच एक ठेवली होती हे जयनं तिला सांगितलं असणार, हे प्रसन्नच्या लक्षात आलं.

"मग आम्हाला ही का सांगितलीस?"

स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्हची घरघर येत होती. प्रसन्ननं गालिच्याकडे बघत सांगितलं, "जळलो मी."

"कशावर? रायफलीवर?"

"सगळ्यावर. जयला जे जे मिळालं त्या सगळ्यावर. त्यात ही एक माझी होती, तीही तो मागायला आला. सहज. आणि रेंजवर तू चुकीची धरलीयस हे मला दिसत होतं प्रीता. मी बोललो नाही."

तिचा हात आपोआप गालाकडे गेला. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "माझा डोळा गेला असता," ती म्हणाली.

"हो."

"मी मस्कतला जन्मले, त्यात माझं काय रे?"

"काहीच नाही," तो म्हणाला.

"जयला तू सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तो आल्यावर सांग. आणि आज खिचडी ठेवून जा तुम्ही, मला एकटीला बसू दे."

जयची गाडी आली तेव्हा प्रसन्न ड्राइव्हवेतच उभा होता. मुलगा बूट आपटत आत गेला. प्रसन्ननं तिथेच, गाडीच्या बॉनेटपाशी, सगळं सांगितलं. दुकानातलं, काडतुसांचं, अंगठ्याचं. जय गाडीची किल्ली बोटात फिरवत होता, ती फिरायची थांबली.

"काकूंच्या पंच्याहत्तरीला गेलो होतो मी," तो शेवटी म्हणाला. "तेव्हाही?"

"तेव्हा सगळ्यात जास्त."

"मी तुझ्यासाठी गेलो होतो, पश्या."

"माहितीये मला. म्हणूनच."

जयनं मान हलवली, काहीतरी समजलं म्हणून नाही, बस झालं म्हणून. "मला आत्ता तू इथे नको आहेस," तो म्हणाला आणि आत गेला. दार त्यानं आपटलं नाही, हळू लावलं.

परतताना गाडी आश्लेषा चालवत होती. तिनं आतून अर्धं ऐकलं होतं, उरलेलं प्रसन्ननं सांगितलं. एका सिग्नलला ती म्हणाली, "तुला काय वाटतं, मला वाटत नाही? अनिका एकवीसची झाली की आपल्या फाइलमधून बाहेर. तिला स्वतःचा विसा शोधावा लागेल. प्रीताच्या मुलाला काही शोधावं लागणार नाही. ती सुट्टीची तिकिटं बुक करताना मला फोन करते ना, तेव्हा मी काहीतरी सबब सांगून फोन ठेवते. पण म्हणून मी तिच्या चहात मीठ टाकलेलं नाही कधी." सिग्नल हिरवा झाला. "आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस की तुला इतकं वाटतंय. मला वाटत होतं, मी एकटीच वाईट आहे."

त्यानंतर जयचा फोन येणं बंद झालं. मंडळाच्या गणपतीत दोघे एकाच हॉलमध्ये होते. जय आरतीला पहिल्या रांगेत, प्रसन्न पार्किंगच्या ड्यूटीवर. प्रीताच्या दाताचा कोपरा भरून झाला होता. ती प्रसन्नशी बोलली, पण 'अनिका कशी आहे' एवढंच. प्रसन्नला आधी वाटलं होतं की सांगून टाकल्यावर मन हलकं होईल. झालं नाही. उलट आता जयच्या नव्या नोकरीबद्दल कुणाकडून ऐकलं की पूर्वीसारखीच आग व्हायची, आणि ती विझवायला जयचा फोनही नसायचा. मित्राचा हेवा करायला निदान मित्र तरी लागतो, हे त्याला आधी कळलं नव्हतं.

मग नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर जय. हातात निळा आइसबॉक्स.

"आश्लेषा आहे?" त्यानं विचारलं.

"योगाला गेलीय. ये ना."

जय आत आला पण बूट काढले नाहीत, दारापाशीच उभा राहिला. "हरीण मिळालं. ऑफिसवाल्यांबरोबर गेलो होतो. घरात फ्रीजर भरलाय, प्रीता खात नाही. आश्लेषाला कोल्हापुरी जमतं म्हणून आणलं."

प्रसन्ननं आइसबॉक्स घेतला. पांढऱ्या कागदात बांधलेल्या गारठलेल्या पुड्या. त्याला विचारायचं नव्हतं आणि त्यानं विचारलं, "कुठल्या रायफलीनं?"

"आहे तीच. विकायला काढली होती, पण नाही विकली." जयनं बुटाकडे पाहिलं. "सॉफ्ट लोड घेतले. डेल म्हणाला होता ते."

"बरोबर म्हणाला होता तो."

"माहितीये."

जयचा हात दाराच्या कडीवर होता. प्रसन्नच्या छातीत ते ओळखीचं, जुनं जळजळणारं वर आलं. हरीण, पाइनचं रान, आणि याचा खांदा. पण या वेळी त्यानं ते लपवायला चेहरा दुसरीकडे वळवला नाही.

"किती लांबून?" त्यानं विचारलं.

जयनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते जयला दिसलं असणार.

"जळतोयस," जय म्हणाला.

"खूप."

"साल्या," जय म्हणाला. आवाजात माफी नव्हती, पण तो गेलाही नाही. त्यानं कडीवरचा हात काढला. "सत्तर-ऐंशी यार्ड असेल. ओढ्यापलीकडे."

"उभं होतं की चालत?"

"उभं. पाणी पिऊन मान वर केली होती."

"लिव्हर कधी ओढलास? आवाजानं पळालं नाही?"

"अरे तेच सांगतोय," जय म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला.